फांद्या उतरवण्यासाठी दोर कोणता घ्यावा?

कातळसडा

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे आणि घाई अजिबात नाही. पाऊस ओसरून झाड कोरडं झाल्यावरच काम काढायचं आहे.

आमचं घर राजापूर तालुक्यात, कौलारू. घराच्या मागे पणजोबांच्या वेळचा रायवळ आंबा आहे. त्याची एक मोठी फांदी स्वयंपाकघराच्या पाख्यावर आडवी आली आहे. सुरुवातीला साधारण ३० सेंमी जाड, लांबी सात-आठ मीटर. जमिनीपासून सहा मीटरवर फुटलेली. खाली कौलं, एका अंगाला विहिरीचा कठडा. वारा सुटला की फांदी कौलांवर घासते, दर पावसाळ्यात पाखा गळतो. झाड तोडायचं नाही. आईचा तर त्यावर फार जीव आहे. फक्त ही एक फांदी खाली यायला हवी.

गावातली माणसं काम करायला तयार आहेत, चढण्यात तरबेज आहेत. पण त्यांच्याकडे दोर म्हणजे निळी-पिवळी दोरी, जिने ते टेम्पोवर मालही बांधतात. दोर मीच विकत घ्यावा असं मनात आहे. वाडीत असं काम दरवर्षी निघतं, तेव्हाही उपयोगी पडेल.

दोर कशाचा, किती जाड, किती लांब? कप्पी लागेलच का? भाचा पुण्यात गिर्यारोहण करतो, त्याच्याकडे जुना चढाईचा दोर पडून आहे, तो चालेल का? दोरासाठी पाच-सहा हजार ठेवले आहेत, थोडं पुढेमागे चालेल.

फांदीवाला_दापोली

दादा, काम सुरू व्हायच्या आधी विचारताय हे फार बरं केलंत.

मी पूर्णवेळ हे काम करायला लागलो ते निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि आमच्याकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या. घरांवर अर्धवट टेकलेली झाडं उतरवायची होती, नुसतं तोडून भागणार नव्हतं. तेव्हापासून कोणी दोर विचारला की मी आधी उलट विचारतो: दोर वर कशावरून फिरणार आहे?

झाडाच्याच बेचक्यातून फिरणार असेल तर पीळ घातलेला तीन पेडी दोर हवा, घट्ट वळलेला. तो सालीवरची घासाघीस सोसतो. दुहेरी विणीचा दोर मिळतो, म्हणजे आत एक विणलेला दोर आणि त्यावर दुसऱ्या विणीचं कवच. तो बेचक्यात कधीही घालू नका. साल कवचाला धरून ठेवते, आतला गाभा पुढे सरकतो आणि दोघांनी मिळून उचलायचं ओझं एकावर येतं. कप्पीवर मात्र तोच दोर सगळ्यात गोड चालतो. गोल राहतो, पीळ नसल्यामुळे तुकडा हवेत गरगरत नाही.

तुम्हाला झाड ठेवायचं आहे. बेचक्यातून भार घेऊन दोर पळाला की साल सोलवटून निघते. आंब्याच्या उघड्या जखमेत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, शिरायला वेळ लागत नाही. म्हणून माझं मत कप्पीच्या बाजूने.

आता मला हे सांगा. या फांदीच्या वर, त्याच बाजूला झुकलेली दुसरी मजबूत फांदी आहे का? तिच्यावर भिरुडाचा भुसा किंवा डिंक दिसतो का? खांबावरून घरात येणारी वीज कुठून येते?

सारंग_निवृत्त

मी उभं आयुष्य व्यापारी जहाजांवर काढलं, डेकवर. झाडांचं मला कळत नाही, दोरांचं कळतं. तेवढंच लिहितो.

बाजारात प्लास्टिकच्या कुठल्याही दोरीला नायलॉन म्हणून विकतात. तुमच्या माणसांची निळी-पिवळी दोरी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असणार. परीक्षा सोपी आहे. वीतभर तुकडा पाण्यात बुडवून हवा निघेपर्यंत चोळा आणि सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही बुडतात.

हे का महत्त्वाचं, तर उष्णता. ओझं खाली सोडताना दोर खोडावर किंवा लोखंडावर घासत पळतो आणि तापतो. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं. पॉलिएस्टर २५० च्या पुढे जातं. बोलार्डला, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या लोखंडी खुंटाला, वेढे देऊन पॉलिप्रॉपिलीनचा दोर सोडताना त्याचा पृष्ठभाग वितळून चकचकीत होतो, मग तो सरळ सरकत नाही. चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. प्रत्येक सुटण्याला एक हिसका बसतो. शिवाय उन्हात पडून राहिला की कुसळं धरतो आणि आतून मरतो. नावेवर, जाळ्यावर तो उत्तम आहे, कारण तरंगतो. कौलांवर ओझं लटकवायला नको.

खरं नायलॉन ताकदीला सर्वात वर. पण ते ताणतं फार. तुम्ही तुकडा कौलांच्या हातभर वर थांबवायला जाल आणि दोर ताणून तो कौलांवरच टेकेल. भिजलं की त्याची ताकद दहा-पंधरा टक्के उतरते. आणि ताणलेलं नायलॉन तुटलं तर ज्या वेगाने उलटं येतं, त्याने जहाजांवर माणसं गेली आहेत. धक्का सोसायची जागा असेल तिथे त्याचा उपयोग आहे, इथे नाही.

तुम्ही पॉलिएस्टर घ्या. कमी ताणतं, ओलं झालं तरी ताकद तीच, ऊन सोसतं, उष्णता सोसते.

१२ मिमी तीन पेडी दोराचा ताजेपणी तुटण्याचा भार साधारण असा धरतात: मनिला (केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचा दोर) एक टन, पॉलिप्रॉपिलीन दोन टन, पॉलिएस्टर सव्वादोन टन, नायलॉन तीन टन. १६ मिमीचं पॉलिएस्टर चार टनांच्या थोडं वर जातं. हे आकडे नव्या, बिनगाठीच्या, सरळ दोराचे आहेत. गाठ मारली की तीस ते पन्नास टक्के वजा. गाठीऐवजी टोकाचे पेड दोरातच परत विणून कडी केली, म्हणजे डोळा विणून घेतला, तर फक्त दहाएक टक्के वजा. दुकानदार सांगेल तो तुटण्याचा भार असतो. वापरण्याचा भार त्याचा दहावा हिस्सा धरा.

चिकूवाडी

घोलवडहून. आमच्याकडे चिकूच्या बागेभोवतीचे जुने सुरू आणि माड उतरवायचे असतात, म्हणून धागा वाचतेय. दहावा हिस्सा जरा जास्तच नाही का होत? दोन टनांचा दोर आणि उचलायचे फक्त दोनशे किलो?

कोकणकडा

कातळसडा, भाच्याचा दोर वापरू नका. कारण नीट सांगतो, म्हणजे तोही नाराज होणार नाही.

चढाईचे दोर दोन जातींचे. पडणाऱ्या माणसाला झेलणारा तो डायनॅमिक. तो मुद्दाम ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो. युरोपीय प्रमाण ईएन ८९२ नुसार पडण्याच्या चाचणीत त्याला ४० टक्क्यांपर्यंत ताणायची मुभा आहे. पाठीचा कणा वाचवायला ते हवंच. पण त्यावर पन्नास किलोचं लाकूड बांधलंत तर ते कौलांवर वरखाली नाचेल. दुसरा सेमी-स्टॅटिक, ज्यावरून आम्ही दरीत उतरतो, ईएन १८९१ चा. त्यातल्या ए प्रकाराची किमान ताकद २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सव्वादोन टन. ताणतो कमी. कागदावर चालण्यासारखा वाटतो, पण त्याचं कवच पातळ आणि झाडाच्या सालीसाठी केलेलं नाही. आणि पडून राहिलेल्या दोराचा इतिहास कोणाला ठाऊक असतो?

याहून मोठं कारण वेगळं आहे. ज्या दोराने एकदा लाकूड उतरवलं, त्यावर पुन्हा कधीही माणूस लटकता कामा नये. भाचा तो दोर परत घेऊन कोणाला तरी ढाकच्या कातळावर बांधेल, ही शक्यताच ठेवू नका. माणसाचा दोर आणि लाकडाचा दोर यांचे रंग वेगळे ठेवा, पिशव्या वेगळ्या ठेवा.

तुमचे चढणारे कमरेला काय बांधतात? नुसतं दोराचं वेटोळं असेल तर भाच्याकडून हार्नेस मागा. आणि वर चेनसॉ चालणार असेल तर चढणाऱ्याला दोन जागी बांधा. एक दोर करवतीखाली आला तरी दुसरा राहतो.

यंत्रशाळा

चिकूवाडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते, म्हणून राहवत नाही.

आधी वजन. ओलं लाकूड अंदाजाला पाण्याइतकं जड धरा, घनमीटरला १००० किलो. चिंच, बाभूळ त्याहूनही जड धरा. ३० सेंमी जाडीचा एक मीटर तुकडा म्हणजे ७० किलो. पाऊण मीटर म्हणजे ५३. आणि कातळसडा यांची ती अख्खी फांदी, ३० पासून १० सेंमीपर्यंत निमुळती, साडेसात मीटर धरली तर नुसतं लाकूडच अडीचशे किलोंच्या वर जातं. पोटफांद्या आणि ओला पाला मिळवला की साडेतीनशे-चारशे सहज.

आता धक्का. समजा ६० किलोचा तुकडा दीड मीटर मोकळा पडला आणि खालच्या माणसाने दोर पक्का धरला. १२ मिमी पॉलिएस्टर, दोराची ताणली जाणारी लांबी १२ मीटर, आणि तुटण्याच्या भाराच्या पाचव्या हिश्श्याला तो ५ टक्के ताणतो असं धरून हिशेब केला तर दोरावर क्षणभर ४३० किलोंच्या आसपास ताण येतो. साठाचे सातपट. हीच घटना दोराची लांबी फक्त ३ मीटर असताना घडली तर ताण ८०० किलोंवर जातो, कारण धक्का जिरवायला दोरच उरत नाही. गाठीने अर्धवट झालेल्या सव्वादोन टनांच्या दोराला आठशे किलो हा फार जवळचा आकडा आहे. त्यात दोर जुना असेल, कप्पीवर वाकला असेल. दहावा हिस्सा तिथे संपतो.

हाच तुकडा आधीच ताणलेल्या दोरावर अलगद आला, मोकळा पडलाच नाही, तर ताण दुपटीच्या वर जात नाही. १२० किलो. म्हणून वरचा आधार तुकड्याच्या वर असणं आणि कापण्याआधी दोराची ढील काढलेली असणं, याने जेवढा फरक पडतो तेवढा दोर दोन मिलिमीटर जाड घेऊन पडत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कप्पीवरून दोर खाली येतो आणि खाली कोणीतरी तो धरतो, तेव्हा कप्पी ज्या फांदीला बांधली आहे तिच्यावर दोन्ही बाजूंचा ताण पडतो. तुकडा ६० किलो, खालून धरायला जवळपास ६०, फांदीवर १२०. धक्क्याचे ४३० असतील तर फांदीवर आठशेच्या पुढे. दोर टिकेल आणि आधाराची फांदी मोडून चढणाऱ्याच्या अंगावर येईल, असं होऊ शकतं.

कातळसडा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज खाली उभं राहून नीट पाहिलं.

वर दहा-साडेदहा मीटरवर दुसरी फांदी आहे, याच बाजूला झुकलेली, पण या फांदीच्या मध्यापर्यंतच पोचते. शेंड्याकडचे तीन मीटर तिच्याबाहेर राहतात. भिरुडाचा भुसा तिच्यावर दिसला नाही. मात्र खालच्या एका फांदीवर डिंक आणि भुसा दोन्ही आहेत, तिला हात लावणार नाही. विजेची वायर घराच्या पुढच्या अंगाने येते, झाडापासून लांब आहे. तरी महावितरणला सांगून ठेवतो.

यंत्रशाळा ताई, तुमचा हिशेब मी कामाच्या माणसांना वाचून दाखवला. त्यातला वयस्कर गडी म्हणाला, आम्ही खालून दोर कमरेला गुंडाळून धरतो, इतकी वर्षं काही झालं नाही.

सारंग_निवृत्त

त्यांना माझा नमस्कार सांगा आणि विनंती करा की हे थांबवा. दोर कमरेला किंवा मनगटाला गुंडाळलेला माणूस तो सोडू शकत नाही, आणि सोडता येणं हेच त्याचं काम आहे.

दोर झाडाच्या बुंध्याला किंवा शेजारच्या जाड झाडाला वेढे देऊन धरा. एका पूर्ण वेढ्याने हाताला लागणारा जोर साधारण सहावा हिस्सा होतो, दोन वेढ्यांनी चाळिसावा. साठ किलोच्या तुकड्याला एक-दीड वेढा पुरतो. तीन दिलेत तर तुकडा खालीच येणार नाही. माणूस बुंध्यापासून दोन-तीन पावलं मागे उभा राहील, हातात चामडी मोजे, पायात दोराचं वेटोळं नाही. साल वाचवायची तर वेढ्यांखाली जाड गोणपाट बांधा.

फांदीवाला_दापोली

आता चित्र स्पष्ट झालं. शेंड्याकडचे तीन मीटर हाच या कामातला अवघड भाग आहे.

आधार नुसता उंच असून चालत नाही, तुकड्याच्या डोक्यावर हवा. तुमची वरची फांदी मध्यापर्यंत येते. त्यापुढचा तुकडा कापला की तो सरळ खाली न येता झोका घेऊन बुंध्याकडे येणार, आणि झोक्याच्या खालच्या टोकाला तुमचा पाखा आहे. म्हणून शेंड्याचा भाग आधी हलका करा. हातात धरता येतील एवढ्या डहाळ्या करवतीने कापून अंगणाच्या बाजूला टाका. पाला गेला की निम्मं ओझं गेलं. उरलेल्या काठीचे छोटे तुकडे, एकेक पंधरा-वीस किलोंचे. प्रत्येक तुकड्याला मुख्य दोराशिवाय एक लगाम दोर बांधा आणि तो अंगणातून एकाने ताणून धरा. लगाम दोर १० मिमीचा साधा असला तरी चालेल, त्यावर ओझं येत नाही, फक्त दिशा देतो. तुमच्या माणसांची निळी दोरी इथे वापरा.

मधल्या भागापासून बुंध्यापर्यंत मग आधाराखालीच काम आहे. पाऊण-पाऊण मीटरचे तुकडे. घाई नको. लांब तुकडा कापला की वेळ वाचतो असं वाटतं, पण त्याचं वजन, त्याचा झोका आणि कौलांची दुरुस्ती धरली तर काहीच वाचत नाही.

बांधताना सरकती बोलाइन, म्हणजे फास आवळत जाणारी, आणि तिच्यापुढे कापाच्या बाजूला एक अर्धी आढी, म्हणजे दोर स्वतःखालून काढलेला एक साधा वेढा. नुसत्या फासावर ओला, साल निसटणारा तुकडा घसरू शकतो. आढीने तो दोन जागी धरला जातो.

दोराबद्दल माझं मत: तुम्हाला यापुढेही वाडीत वापरायचा आहे, आणि प्रत्येक वेळी कप्पी लावली जाईलच याचा भरवसा नाही. दुहेरी विणीचा दोर महाग येईल आणि कोणीतरी तो बेचक्यात घालेल. म्हणून तीन पेडी पॉलिएस्टर. कप्पीवर तो थोडा गरगरेल, लगाम दोराने ते आटोक्यात राहतं.

कोकणकडा

पटलं. फक्त कप्पीबद्दल सावध करतो. बांधकामावर घमेली चढवायला लावतात ती लोखंडी कप्पी आणू नका. तिच्यावर भार लिहिलेला नसतो, आणि चाक नि गालपट्टी यांच्या फटीत दोर उडी मारून अडकतो. पोलादी तारेसाठी केलेली कप्पीही नको, तिची खाच अरुंद असते आणि दोर चिरते. चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या किमान चौपट हवा. १२ मिमीला ४८, १६ मिमीला ६४. आमच्या बचावकामाच्या कप्प्या बहुतेक १३ मिमीपर्यंतच्या दोराच्या असतात, १६ त्यात बसत नाही. तेव्हा आधी कप्पी ठरवा, मग दोर.

यंत्रशाळा

कप्पी झाडाला बांधायला कारखान्यात वापरतात ते पॉलिएस्टरचे गोल पट्टे घ्या, राउंड स्लिंग म्हणून मिळतात. रंगावरून क्षमता कळते: जांभळा एक टन, हिरवा दोन टन. फासासारखा गुंडाळला तर क्षमता ऐंशी टक्के धरा. हिरवा घेतलात की चिंता नाही. त्याला साजेसा, भार कोरलेला बो शॅकल, म्हणजे आडवी खीळ असलेली पोलादी कडी. पट्टा रुंद असल्याने साल कापत नाही, आणि फांदीच्या टोकाकडे न बांधता खोडाच्या शक्य तितका जवळ बांधा. जितकं बाहेर जाल तितकी फांदी वाकते. दापोलीकर म्हणतात तसा आधार तुकड्याच्या डोक्यावर हवा आणि खोडाच्याही जवळ हवा, या दोन्हींत ओढाताण आहेच. तुमच्या बाबतीत मी खोडाजवळ बांधीन आणि झोका लगाम दोरावर सोपवीन.

चिकूवाडी

हिशेब कळला, आता शंका नाही. पण माडाचं काय? त्याला वर फांदीच नसते. आधार कुठे लावायचा?

फांदीवाला_दापोली

ताई, माडात कप्पी तुकड्याच्या खालीच लावावी लागते, आणि तुकडा प्रत्येक वेळी पडतोच. यंत्रशाळा ताईंनी सांगितलेला सातपट धक्का तिथे रोजचा आहे, आणि त्याच खोडावर चढलेला माणूस तो अंगावर घेतो. मोकळी जागा असेल तर माड कधी तुकड्यांनी दोरावर उतरवू नका, खालून पाडा किंवा छोटे तुकडे मोकळे खाली सोडा. घराला लागून असेल आणि दुसरा इलाज नसेल तर हातभराचेच तुकडे करा, आणि खालच्या माणसाने दोर एकदम न धरता पळू देत हळूहळू आवळावा. माझ्या माहितीत जे चांगले पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारे, आहेत तेही या कामाला आधी क्रेन मिळते का बघतात.

परवानगीचंही बघून घ्या. शहरी हद्दीत १९७५ च्या झाडं जतनाच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. गावात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच आहेत. कातळसडा फक्त फांदी काढताहेत, तरी वनखात्याच्या स्थानिक माणसाला आधी विचारलेलं बरं.

कातळसडा

ठरवलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

दोर १६ मिमी तीन पेडी पॉलिएस्टर. लांबी ५० मीटर: आधार साडेदहा मीटरवर, म्हणजे जाऊन येऊन एकवीस, त्यात बुंध्याचे वेढे, तुकड्याची बांधणी आणि मागे उभं राहायला जागा धरली तरी भरपूर उरतो. पुढे उंच झाडाला उपयोगी पडेल. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला भावाला पाठवतोय, पाण्यात बुडवून बघायला सांगितलं आहे. गारवेअरसारख्या नावाजलेल्या कंपनीचा, चिठ्ठी लावलेला मिळाला तर तोच आणायचा. १२ मिमीने कप्पी स्वस्त पडली असती, पण हातात पकड १६ ची चांगली येते आणि घासून झिजायलाही अंगात मांस आहे. ७५ मिमी चाकाची, १६ मिमी दोराची कप्पी एका औद्योगिक दुकानात सापडली, भार कोरलेला आहे. ती धरून माझा अंदाज ओलांडला जातोय. तरी एका पाख्याच्या कौलांचा आणि रिपांचा खर्च मनात धरला तर तक्रार नाही. हिरवे दोन पट्टे, दोन शॅकल. चढणाऱ्यासाठी हार्नेस आणि दोर भाचा स्वतः घेऊन येतोय, आणि तो खालीही उभा राहणार आहे.

गड्यांना बुंध्याचे वेढे दाखवले. वयस्कर काकांनी वाळूची पोती बांधून स्वतः करून पाहिलं. त्यांना पटलंय.

सारंग_निवृत्त

योग्य निवडलंत. ५० मीटरचं वेटोळं दहाएक किलोचं होईल, एकट्याने वाहता येईल.

नवा तीन पेडी दोर वेटोळ्याच्या बाहेरून ओढत सुटू नका, प्रत्येक वळणाला पीळ चढून आढी पडते आणि आढीवर भार आला की पेड कायमचा दुखावतो. वेटोळं जमिनीवर आडवं ठेवून आतलं टोक घ्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने सोडवा. परत गुंडाळताना घड्याळाच्या दिशेने. दोन्ही टोकं तापवून वितळवा आणि वरून सुताने आवळून बांधा. एका टोकाला डोळा विणून घ्या. पॉलिएस्टर निसरडं असतं, म्हणून निदान पाच फेऱ्या विणायला सांगा. तीनवर थांबणारे कारागीर काथ्याच्या सवयीचे असतात.

वापरून झालं की दोर हातातून सरकवत तपासा, पेड पिळून उघडून आत बघा. आत पूड झाली असेल, एखादी जागा कडक किंवा चकाकणारी लागली, पेड तुटलेला दिसला, तर तेवढा भाग कापून टाका. आंब्याचा चीक लागला तर साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा.

फांदीवाला_दापोली

एक राहिलं. दोर फवारणीच्या खोलीत ठेवू नका. बागायतदारांकडे सगळं तिथेच जातं. बोर्डो मिश्रणाचा चुना पॉलिएस्टरला मारक आहे आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचं आम्ल नायलॉनला. पडवीत खुंटीवर, ऊन न लागेल असा टांगा, आणि उंदरांपासून सांभाळा.

कामाच्या दिवशी सकाळी दव पडलं असेल तर दहापर्यंत थांबा. पहिला तुकडा मुद्दाम सर्वात हलका घ्या, म्हणजे खालच्या माणसाच्या हाताला दोर कळतो. स्वयंपाकघरातल्या मंडळींना तेवढा वेळ पुढच्या दारी बसवा.